कमी खर्चात चिखलदरा आणि पचमढी : भंडाऱ्याच्या प्रवाशांचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भंडारा जिल्ह्यातून थंड हवेच्या ठिकाणी जायचे म्हटले की दोन नावे हमखास निघतात. एक अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा, दुसरे मध्य प्रदेशातील पचमढी. दोन्ही सातपुड्यातच आहेत आणि उंचीतही फारसा फरक नाही. चिखलदरा सुमारे १,११८ मीटरवर आहे, पचमढी सुमारे १,०६७ मीटरवर. साध्या कुटुंबाला दोन्ही परवडतात. तरीही सहलीचा खर्च हाताबाहेर जातो तो बहुतेक वेळा कधी निघायचे आणि कशाने जायचे याविषयीच्या चुकीच्या समजुतींमुळे.

सर्वांत महागात पडणारा समज मे महिन्याचा. शाळांना सुट्टी, भंडाऱ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, तेव्हा वर गेले की गारवा मिळणार असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात दर हजार मीटर चढल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. भंडारा शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर आहे, म्हणजे चिखलदरा त्याहून साधारण ८७० मीटर उंच. भंडाऱ्यात ४४ अंश असताना तिथे दुपारी ३८च्या आसपास ऊन असणार. पहाट आणि रात्र सुखाची जाते हे खरे, पण भीमकुंडाचा धबधबा तेव्हा आटलेला असतो. गर्दीच्या दिवसांतले भाडे मोजून कोरडे कडे पाहण्यात अर्थ नाही. धुके, हिरवे डोंगर आणि धबधबे हवे असतील तर जुलै ते सप्टेंबर हाच काळ योग्य. शनिवार-रविवार आणि १५ ऑगस्ट टाळून मंगळवारी-बुधवारी गेल्यास खोलीच्या भाड्यात घासाघीस करायलाही वाव राहतो.

‘पावसाळ्यात मेळघाट बंद असतो’ हे अर्धवट ऐकलेले सत्य आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील सफारी त्या काळात बंद ठेवतात. मेळघाटातलेच चिखलदरा गाव मात्र बंद नसते, उलट त्याचा खरा हंगाम तोच.

यानंतर गाडीचा प्रश्न येतो. घरची चार माणसे असली की भाड्याची गाडी स्वस्त पडते, असा हिशेब सर्रास केला जातो. त्यात परतीचे किलोमीटर, चालकाचा रात्रीचा भत्ता आणि टोल धरलेले नसतात. शिवाय एसटीच्या सवलती विसरल्या जातात. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट लागते आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांनाही अर्धेच. समजा, घरात ७६ वर्षांची आजी, आई, बाबा आणि दहा वर्षांचा मुलगा आहे. आजीला शून्य, आईला अर्धे, बाबांना पूर्ण, मुलाला अर्धे. चौघांचा प्रवास दोन तिकिटांत होतो. आधार कार्ड मात्र जवळ हवे. सात-आठ जणांचा गट असेल आणि सगळे पुरुष असतील, तर भाड्याच्या गाडीचा हिशेब बरोबरीला येऊ शकतो. एरवी एसटीच जिंकते.

भंडाऱ्याहून थेट रेल्वे नाही, हाही समज पक्का आहे. शहराला लागून स्थानक नाही म्हणून तो पसरला असावा. वरठी येथील भंडारा रोड स्थानकावर गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि गोंदिया-मुंबई विदर्भ एक्स्प्रेस थांबतात, आणि दोन्ही बडनेऱ्याला जातात. तिथून अमरावती दहा किलोमीटर. पुढे अमरावती-परतवाडा-चिखलदरा असा एसटीचा मार्ग आहे. घाट परतवाड्यानंतर सुरू होतो. ज्येष्ठांनी मात्र रेल्वेच्या जुन्या सवलतीवर विसंबू नये. ती मार्च २०२० मध्येच थांबवण्यात आली. वयस्कर माणसे बरोबर असतील तर भंडारा-नागपूर-अमरावती हा टप्पाही एसटीनेच करावा.

मुक्कामाबाबत सेमाडोह आणि कोलकासची नावे घेऊन लोक फसतात. वन विभागाची ही निवासस्थाने जंगलात, परतवाडा-धारणी रस्त्यावर आहेत. चिखलदऱ्याच्या बाजारातून पायी जाता येईल अशी नाहीत. परतवाड्यात स्वस्त लॉज घेऊन रोज घाट चढ-उतार करणेही फायद्याचे नाही. भाड्यात वाचलेले पैसे प्रवासात जातात आणि पहाटेचे धुके हुकते ते वेगळेच. वर एकच रात्र राहावे, ते बरे. गावात फिरण्यासाठी दिवसभर गाडी लागतेच असेही नाही. देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड ही ठिकाणे चालण्याची सवय असणाऱ्याला पायी गाठता येतात. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने जिंकलेला गाविलगड नीट पाहायला अर्धा दिवस हवा. तो तासाभरात उरकणाऱ्यांची फेरी वाया जाते. खवा आणि रबडी इथे चांगली मिळते. जेवणाची शिदोरी घरची असली तर उत्तम.

पचमढीचा हिशेब निराळा. एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, पुढचे तिकीट पूर्ण पडते. स्वतःची गाडी नेली की फिरणे फुकट, हा समज तिथे सपशेल खोटा ठरतो. सातपुड्यातील सर्वांत उंच शिखर धूपगड (१,३५२ मीटर) आणि बी फॉल अशा वन विभागाच्या हद्दीतील ठिकाणी परवान्याची जिप्सी करावी लागते. तिचे भाडे माणशी नव्हे, गाडीमागे असते. म्हणून दोघांनी वेगळी करण्यापेक्षा आणखी चौघांना सोबत घ्यावे. पांडव लेणी आणि जटाशंकर जिप्सीविना पाहता येतात. नागपंचमीच्या सुमारास भरणारी नागद्वारची यात्रा आणि महाशिवरात्रीची चौरागडची यात्रा यांना विदर्भातून मोठी गर्दी लोटते. नागद्वारच्या वाटेवर सेवा मंडळे अन्नदान करतात, त्यामुळे भाविकाचा खर्च कमी होतो. निवांत सहलीसाठी मात्र ते दिवस टाळलेले बरे.

डोंगर पाहायला जिल्हा सोडावाच लागतो, असेही नाही. तुमसरजवळ आंबागडचा किल्ला आहे, आणि त्याच टेकड्यांत महाशिवरात्रीच्या यात्रेचे गायमुख. तिथे थंड हवा नाही, पण पावसाळ्यात झरे आणि हिरवे रान आहे, आणि खर्च एका दिवसाच्या येण्याजाण्याचा. ज्यांच्याकडे सुट्टी एकच दिवसाची आहे त्यांनी चिखलदऱ्याची धावपळ करण्यापेक्षा आंबागड-गायमुख करावे. दोन दिवस मिळत असतील तर चिखलदरा, आणि पचमढीसाठी किमान तीन दिवस राखावेत. मेळघाटात मोबाइलची रेंज जाते-येते, तेव्हा फोनवरून पैसे देण्यावर भिस्त न ठेवता परतवाड्यातच रोख काढून घ्यावी.