विश्लेषण : निन्जांच्या प्रेमकथा आणि पिंगुळीची चित्रकथी... नाते काय?

टीव्हीवर ‘निंजा हत्तोरी’ पाहत वाढलेली मुले आता मोबाइलवर मांगा, म्हणजे जपानी चित्रमालिका वाचतात. जुन्या जपानमधील निन्जांच्या विनोदी प्रेमकथा हा त्यातला एक लोकप्रिय प्रकार. या कथांचे एक दूरचे भावंड मालवणपासून साधारण ३० किलोमीटरवर, कुडाळ तालुक्यातील पिंगुळीत आहे.

निन्जा आणि प्रेमकथा कशा जुळल्या?

हेराचे काम लपवण्याचे. प्रेमात पडलेल्याला मात्र काहीच लपवता येत नाही. सगळा विनोद या ओढाताणीत असतो. सोइचिरो यामामोतो यांच्या ‘कुनोइची त्सुबाकी नो मुने नो उची’ या मांगात निन्जा मुलींचे एक गाव आहे. तिथे पुरुषांशी संपर्काला बंदी. सर्वांत हुशार त्सुबाकीला नेमके पुरुषांविषयीच कुतूहल वाटते आणि ते लपवताना तिची तारांबळ उडते. २०२२ मध्ये त्यावर अॅनिमे मालिकाही आली.

खरे निन्जा कसे होते?

‘शिनोबी’ या नावाने ओळखले जाणारे हे हेर प्रामुख्याने इगा आणि कोका या डोंगराळ भागांतले. बातमी काढणे, शत्रूच्या गोटात शिरणे, आगी लावणे ही त्यांची कामे. काळा पोशाख ही बरीचशी रंगभूमीची देणगी मानली जाते. ‘शोनिन्की’ या १६८१ च्या ग्रंथात त्यांची सोंगे दिली आहेत : भिक्षू, व्यापारी, रस्त्यावर खेळ करणारे कलावंत. खेळ करणाऱ्याला कोणत्याही गावात शिरता येते आणि त्याच्यावर कोणी संशय घेत नाही.

यात पिंगुळी कुठे येते?

पिंगुळीतील ठाकर समाज चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ यांसाठी ओळखला जातो. गावोगाव खेळ करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी छत्रपती शिवाजी महाराजांसाठी हेरगिरी केली, असे या समाजात परंपरेने सांगितले जाते. ती मौखिक परंपरा आहे. पण युक्ती तीच, ‘शोनिन्की’तली.

चित्रकथी सादर कशी होते?

कागदावर रंगवलेली चित्रे क्रमाने लावलेली असतात. या संचाला ‘पोथी’ म्हणतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो, वाद्यांच्या साथीने गातो, सांगतो आणि प्रसंग संपला की पुढचे चित्र काढतो. कथा रामायण-महाभारतातल्या. चित्रांमागून चित्रे आणि त्यांतून पुढे सरकणारी गोष्ट, हीच मांगाचीही रीत.

जपानमध्ये असे काही होते का?

होते. त्याचे नाव कामिशिबाई, म्हणजे ‘कागदी नाटक’. १९३० च्या दशकात कथेकरी सायकलवर लाकडी चौकट लावून फिरत, मुलांना गोळ्या विकत आणि चित्रे सरकवत गोष्ट सांगत. गोष्ट क्रमशः असे, त्यामुळे मुले दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. पुढे टीव्ही आला आणि हा धंदा बसला. टीव्हीला तेव्हा ‘विजेची कामिशिबाई’ही म्हणत.

चित्रकार मात्र छापील चित्रकथांकडे वळले. सानपेई शिरातो हे त्यांपैकी एक. कामिशिबाईची चित्रे काढणाऱ्या शिरातोंनी १९५९ पासून ‘निन्जा बुगेइचो’ ही मालिका भाड्याने मिळणाऱ्या पुस्तकांसाठी काढली. निन्जा मांगाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते.

मग पिंगुळीत मांगा का जन्मला नाही?

कामिशिबाईला रोज नवी गोष्ट लागे. चित्रे भाड्याने देणारे व्यावसायिक होते, त्यामुळे चित्रकाराला सतत काम मिळे. चित्रकथीची पोथी मात्र पिढ्यान् पिढ्या जपायची वस्तू. ती देवळातल्या मानाशी आणि राजाश्रयाशी बांधलेली होती. शिवाय अर्धी गोष्ट चित्रात आणि अर्धी कथेकऱ्याच्या गळ्यात. चित्र छापता येते, गळा छापता येत नाही.

आज स्थिती काय?

परशुराम गंगावणे यांनी पिंगुळीत ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभारले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पर्यटक आता चित्रे विकत घेतात. कलावंताच्या घरात पैसा येतो, हे महत्त्वाचेच. पण भिंतीवर टांगलेल्या एकट्या चित्राला मागचे-पुढचे चित्र नसते, सांगणाराही नसतो. चित्रे टिकली आणि गोष्ट गेली, असे होण्याचा धोका तिथे आहे.

नवी वाट निघू शकते का?

सामग्री तरी घरचीच आहे. सुभद्रेसाठी संन्याशाचे सोंग घेणारा अर्जुन १८८२ मध्ये ‘संगीत सौभद्र’मधून मराठी रंगभूमीवर आला. वेषांतर, प्रेम आणि पकडले जाण्याची धास्ती, निन्जांच्या प्रेमकथेला याहून वेगळे काय लागते? जपानी चित्रकारांना रस्ता सुटल्यावर छापखाना मिळाला. पिंगुळीच्या पोथीला मोबाइलचा पडदा मिळू शकतो. तिथे चित्राबरोबर कथेकऱ्याचा आवाजही नेता येतो, छापखान्याला जे कधीच जमले नव्हते.