जपानीत एक मांजर अन् दहा मांजरं सारखीच! मग मोजायचं कसं?

जपानी शिकायला बसलेला मराठी विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतो, 'अनेकवचन कसं करायचं?' उत्तर ऐकून त्याला आनंद होतो: बहुतेक वेळा करायचंच नाही. 'नेको' म्हणजे मांजर, आणि 'नेको' म्हणजेच मांजरं. 'नेको गा इरु' या वाक्याचा अर्थ 'मांजर आहे' असाही होतो आणि 'मांजरं आहेत' असाही.

तसं मराठीलाही हे अगदी परकं नाही. एक दगड, दहा दगड. एक बेडूक, दहा बेडूक. पण आपल्याकडे क्रियापद चुगली करतं. दगड पडला की पडले, यावरून आकडा कळतो. जपानीत क्रियापदही गप्प बसतं.

आनंद मात्र फार टिकत नाही. नेमकी संख्या सांगायची झाली, की वस्तूच्या जातीप्रमाणे वेगळा मोजशब्द लागतो. आपण 'तीन जण' किंवा 'चार नग' म्हणतो, त्याचाच हा मोठा पसारा. माणसांना 'निन', कागदासारख्या चपट्या वस्तूंना 'माइ', पुस्तकांना 'सात्सु', लहान प्राण्यांना 'हिकी'. पेन्सिल, छत्री, बाटली अशा लांबट वस्तूंना 'होन'. त्यातही एक असेल तर 'इप्पोन', दोन 'निहोन', तीन 'सानबोन'. खरी दमछाक इथे होते. अडल्यावेळी 'हितोत्सु, फुतात्सु, मित्सु' ही सर्वसाधारण मोजणी वस्तूंसाठी चालून जाते, पण माणसांसाठी ती वापरू नये.

माणसांच्या बाबतीत 'ताची' हा प्रत्यय येतो. 'वाताशी' मी, 'वाताशीताची' आम्ही. पण 'तानाका-सान-ताची' म्हणजे तानाका नावाची अनेक माणसं नव्हेत. तानाका आणि त्यांच्यासोबतची मंडळी. आपलं 'पाटील मंडळी आली' तसंच. गुरुजनांबद्दल बोलताना 'ताची'पेक्षा आदराचा 'गाता' बरा: 'सेन्सेइगाता'. गंमत म्हणजे 'कोदोमो' (मूल) या शब्दातला 'दोमो' मुळात अनेकवचनाचाच. तो अर्थ झिजला, आता एकटं मूलही 'कोदोमो', आणि अनेक मुलांना वर 'ताची' जोडून 'कोदोमोताची'.

काही मोजके शब्द दुहेरी होतात: 'हितो' माणूस, 'हितोबितो' माणसं, 'यामा' डोंगर, 'यामायामा' डोंगररांगा. आपलं 'घरोघर', 'गावोगाव' आठवेल. मात्र 'नेकोनेको' असं कुणी म्हणत नाही. कोणता शब्द दुहेरी होतो, ते पाठच करावं लागतं.

या मौनाचा सर्वात मोठा फटका अनुवादकाला बसतो. बाशोचा जुन्या तळ्याचा हायकू 1686चा. तळ्यात उडी घेणारा बेडूक एक की अनेक, हे मूळ जपानीत सांगितलेलंच नाही. बहुतेक इंग्रजी अनुवादकांनी एकच बेडूक धरला, लाफ्काडिओ हर्न यांनी मात्र अनेक. मराठीत आणायचा तरी 'बेडकानं' की 'बेडकांनी', हे ठरवावंच लागतं. इवलासा फरक, पण तळ्यावरची सगळी शांतता त्यावर अवलंबून.

बाशोला असं काही ठरवावं लागलं नव्हतं.