‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलं आणि चार दिवसांचं काम गायब झालं

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल किंवा पीएमपीत खिडकी मिळाली असेल, आजचा भाग छोटाच आहे. एकच शब्द. तुम्ही आज ऑफिसात तो किमान दोनदा वाचला असेल, कदाचित लिहिलाही असेल. रिव्हर्ट.

आधी माझी फजिती सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष. आमची अर्धी टीम पुण्यात, अर्धी अमेरिकेत. पेमेंटच्या स्क्रीनवर मी चार दिवस घासून काम केलं, कोड मर्ज केला आणि संध्याकाळी तिकडच्या सीनियरला मेल टाकला: ‘आय हॅव मर्ज्ड द पेमेंट चेंज. काइंडली रिव्हर्ट बाय ईओडी.’ माझ्या मनात काय होतं? की बाबा रे, बघ आणि दिवस संपायच्या आत उत्तर दे. मी निवांत झोपलो.

सकाळी उठून बघतो तर स्क्रीन जुनी! माझा बदल गायब. मेलमध्ये त्याचं उत्तर: ‘डन, रिव्हर्टेड.’ आणि खाली अगदी सभ्यपणे विचारलेलं, की काही बिघडलं होतं का? दुपारी क्लायंटला डेमो होता. माझे हात थंड पडले.

आता चूक कोणाची? मी त्याला शिव्या घालायला निघालो होतो, खोटं कशाला सांगू. पण मेल परत वाचला आणि गप्प बसलो. त्याने मी लिहिलं तेच केलं होतं.

रिव्हर्टचा मूळ अर्थ आहे आधीच्या स्थितीला परत जाणं. लॅटिनमध्ये ‘व्हर्टेरे’ म्हणजे वळणं, आणि ‘रि’ म्हणजे मागे. आता गंमत बघा. हे ‘व्हर्टेरे’ आणि आपल्या संस्कृतातला ‘वृत्’ धातू एकाच घराण्यातले आहेत. म्हणजे परिवर्तन, आवर्तन, परावर्तन ही सगळी रिव्हर्टची चुलत भावंडं. इंग्रजीतला ‘व्हर्जन’ त्याच ‘व्हर्टेरे’मधून आला आणि आपली ‘आवृत्ती’ त्याच ‘वृत्’मधून. मी रोज दहा वेळा व्हर्जन म्हणतो, पण हे मला कधी सुचलं नव्हतं.

वापरताना या शब्दामागे बहुतेक वेळा ‘टू’ येतो. ‘ही रिव्हर्टेड टू हिज ओल्ड हॅबिट्स’, म्हणजे स्वारी पुन्हा जुन्या सवयींवर गेली. कायद्यात मालमत्ता मूळ मालकाकडे जाते, तेव्हाही हाच शब्द. १ जुलै १९९७ ला हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे गेलं, त्याबद्दलही इंग्रजीत ‘रिव्हर्टेड टू चायना’ असं लिहितात. आणि हा शब्द आपल्या घरातही आहे बरं का. माझे मामा सरकारी नोकरीत होते. एखाद्याचं तात्पुरतं प्रमोशन काढून त्याला मूळ पदावर पाठवलं, की ते म्हणायचे, ‘त्याचं रिव्हर्शन झालं.’ शब्द अगदी बरोबर वापरायचे. इंजिनिअर भाचा मात्र चुकला.

म्हणून ‘आय विल रिव्हर्ट टू यू’ हे लंडन-न्यूयॉर्कच्या माणसाला विचित्र वाटू शकतं. मूळ अर्थ धरला तर ते साधारण ‘मी परत तुझ्या मालकीचा होईन’ असं काहीतरी होतं!

पण मग आपलं ‘रिव्हर्ट म्हणजे उत्तर देणं’ सरळ चूक आहे का? मला तसं वाटत नाही. भारतात, सिंगापूरमध्ये, मलेशियात लाखो लोक या अर्थाने तो वापरतात आणि एकमेकांना तो नीट कळतो. नाशिकच्या ऑफिसातून नागपूरला ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलंत तर काही आकाश कोसळत नाही. ‘अडाणी इंग्रजी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. प्रश्न फक्त समोर कोण आहे हा आहे. समोरचा बाहेरचा असेल, किंवा प्रोग्रॅमर असेल, तर जपून.

कारण आमच्या धंद्यात ही आज्ञाच आहे. गिटमध्ये ‘रिव्हर्ट’ दिलं की तुमचा जुना बदल पुसला जात नाही, त्याच्या बरोबर उलटा असा एक नवा कमिट तयार होतो. इतिहासात दोन्ही राहतात. इथे ‘टू’ची गरज नाही, ‘रिव्हर्ट द चेंज’ म्हटलं की झालं. माझ्या त्या मेलमध्ये आधीच्याच वाक्यात ‘चेंज’ होता आणि लगेच ‘रिव्हर्ट’. तो बिचारा दुसरं काय समजणार?

हां, आणि ‘रिव्हर्ट बॅक’ मात्र कुठेच लिहू नका. ‘रि’मध्ये ‘मागे’ आहेच, वर परत ‘बॅक’. म्हणजे आपलं ‘पिवळा पीतांबर’ किंवा ‘गाईचं गोमूत्र’.

मग उत्तर हवं असेल तर लिहायचं काय? ‘प्लीज रिप्लाय बाय थर्सडे.’ साधं, आणि वारही ठरलेला. कारण ईओडी हाही घोळच आहे, त्यांचा दिवस संपतो तेव्हा आपली सकाळ उजाडते. उत्तर तुम्ही देणार असाल तर ‘आय विल गेट बॅक टू यू.’ इथे ‘बॅक’ चालतो.

डेमोचं काय झालं? इतिहास शाबूत होता म्हणून वाचलो. त्याने केलेला रिव्हर्टच मी रिव्हर्ट केला, टेस्ट चालवल्या आणि डेमोच्या वीस मिनिटं आधी नवी स्क्रीन परत आली. तो कमिट अजूनही आमच्या कोडमध्ये आहे, नाव ‘रिव्हर्ट रिव्हर्ट पेमेंट चेंज’. नवीन कोणी टीममध्ये आलं की हमखास विचारतं, हे काय आहे? मग मी त्याला चहाला घेऊन जातो.

पुढच्या भागात ‘डेप्रिकेट’ आणि ‘डेप्रिशिएट’. तुमच्या ऑफिसातल्या मेलचे किस्से पाठवा. आणि हो, रिप्लाय नक्की करेन.