विषमता अभ्यास (सार्वजनिक कंत्राटे)

विषमता अभ्यास म्हणजे अमेरिकेतील शहरे, राज्ये व इतर सार्वजनिक संस्थांच्या कंत्राटवाटपात अल्पसंख्याकांच्या आणि महिलांच्या मालकीच्या व्यवसायांना रास्त वाटा मिळतो का, हे तपासणारा अभ्यास होय.

पार्श्वभूमी

व्हर्जिनियातील रिचमंड शहराने १९८३ मध्ये मुख्य कंत्राटदारांना कंत्राटाच्या रकमेपैकी किमान ३० टक्के काम अल्पसंख्याकांच्या व्यवसायांना उपकंत्राटाद्वारे देणे बंधनकारक केले. शहराची निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय असूनही बांधकामाच्या मुख्य कंत्राटांपैकी अवघी ०.६७ टक्के कंत्राटे अशा व्यवसायांना मिळाली होती. तरीही 'सिटी ऑफ रिचमंड विरुद्ध जे. ए. क्रोसन कंपनी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ही योजना घटनाबाह्य ठरवली. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांच्या निकालपत्रानुसार तुलना एकूण लोकसंख्येशी नव्हे, तर ते काम करण्यास पात्र व्यवसायांशी व्हायला हवी. त्यानंतर असे अभ्यास रूढ झाले.

पद्धत

मिळालेल्या रकमेच्या टक्केवारीला पात्र व्यवसायांच्या टक्केवारीने भागून १०० ने गुणल्यास विषमता निर्देशांक मिळतो. पात्र व्यवसाय २० टक्के आणि मिळालेली रक्कम १० टक्के असल्यास निर्देशांक ५० येतो. ८० पेक्षा कमी निर्देशांक सामान्यतः लक्षणीय विषमता दर्शवतो. आकडेवारीला व्यावसायिकांच्या मुलाखतींची जोड दिली जाते.

मर्यादा

पूर्वीच्या भेदभावामुळे व्यवसाय उभेच राहिले नसतील, तर पात्र व्यवसायांची संख्या मुळातच कमी भरते आणि खरी विषमता झाकली जाते. त्यामुळे पात्रता कशी मोजावी, हा या अभ्यासातील प्रमुख वादाचा मुद्दा आहे.