चौतीस लिटरांतून साडेचार लिटरांत

"ताई, कॅबिनेट मोठंच घ्या. पुढे वाढवता येईल." २००३ साली नारायण पेठेतल्या एका दुकानात मी पहिला संगणक असेंबल करून घेतला, तेव्हा दुकानातल्या मुलाने दिलेला हा सल्ला. घरी डीटीपीचं काम नुकतंच सुरू केलं होतं. "पुढे" या शब्दावर तेव्हा माझाही फार भरवसा होता. मोठंच घेतलं.

पुढची जवळजवळ एकोणीस वर्षं ते कॅबिनेट टेबलाखाली उभं होतं. घरात सगळे त्याला सीपीयू म्हणत. खरा सीपीयू म्हणजे आतली काडेपेटीहून लहान चिप, हे सांगायचं मी लवकरच सोडून दिलं. पाहुणे येणार असले की त्याच्यावर झालरीचं कव्हर चढायचं. मे महिन्यात बाजूचा पत्रा काढून पंखा समोर लावायचा, दिवाळीआधी ब्रशने धूळ झाडायची. एवढी त्याची बडदास्त.

तेव्हा तो आकार उगाच नव्हता. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे माप ठरवलं: मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मागे कार्डांसाठी सात खाचा. माझ्याकडे मोडेमचं कार्ड वेगळं होतं, नेटवर्कचं वेगळं, ग्राफिक्सचं वेगळं. पुढून फ्लॉपी आणि सीडी रायटर, कारण प्रेसला फाइल सीडीवरच जायची. आतून चार बोटं रुंद राखाडी पट्ट्यांच्या केबली. हे सगळं ठेवायचं तर डबा मोठाच लागणार.

आणि मागे, पॅरलल पोर्टला, मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक. काडेपेटीएवढं, पंचवीस पिनांचं. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. काही वर्षांनी हा एवढासा ठोकळा त्या मोठ्या डब्यावर राज्य करू लागला.

कारण बाकीचं सामान एकेक करून निघत गेलं. नेटवर्क आणि आवाज मदरबोर्डवरच आले. ब्रॉडबँड आलं, मोडेमचं कार्ड गेलं. प्रेसवाले पेन ड्राइव्ह मागू लागले, मग "मेल करा" म्हणू लागले. २०११ मध्ये प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलला. त्या वर्षी आलेल्या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स त्याच चिपवर होतं, म्हणून ते कार्डही गेलं. नवा मदरबोर्ड मायक्रो-एटीएक्स, म्हणजे चौरस, २४४ मिलिमीटरचा. तोही पॅरलल पोर्ट असलेलाच हवा म्हणून चार दुकानं फिरले. कॅबिनेट मात्र तेच ठेवलं. पुढे वाढवता येईल!

वाढवलं काय, तर एकदा रॅम आणि एकदा हार्ड डिस्क. सात खाचांपैकी सहा पट्ट्यांनी बंद. सातवी उघडी, तिच्यातून झुरळं आत जायची.

खरं तर छोट्या संगणकाचं माप माझ्या पहिल्या खरेदीच्या आधीपासून होतं. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये मिनी-आयटीएक्स आणलं, १७० मिलिमीटरचा चौरस. २००५ मध्ये अॅपलचा साडेसोळा सेंटिमीटरचा मॅक मिनी आला. पण माझ्या कामाची दोरी त्या लॉकला बांधलेली. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड पाहायला जावं, तर मला दिसलेल्यांवर पॅरलल पोर्ट नसायचा.

ती दोरी सुटली युनिकोडमुळे, कारण युनिकोड फॉन्टला लॉक लागत नाही. इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी नीट बसू लागलं, लेखकही युनिकोडमध्येच मजकूर पाठवू लागले. जुन्या फॉन्टमधल्या पेजमेकरच्या फाइली बदलून घ्यायला मला दीड वर्ष लागलं. प्रत्येक पान पुन्हा वाचावं लागलं, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं कुठेतरी घसरतातच. २०२२ च्या सुरुवातीला शेवटची फाइल झाली आणि लॉक डब्यापासून सुटं झालं. आता ते शिलाईच्या दोऱ्यांच्या डब्यात आहे.

मग मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड आणि ६५ वॅटचा रायझन ५ ५६००जी घेतला. नवं कॅबिनेट यायला आठवडा होता. तोवर गंमत म्हणून तो मदरबोर्ड जुन्या कॅबिनेटमध्ये बसवला. त्याची चारही भोकं एटीएक्सच्या भोकांशी जुळतात, त्यामुळे जुनेच स्क्रू लागले. पत्रा न लावता समोर बसून पाहिलं. पंक्तीच्या ताटात एकच लाडू वाढल्यासारखं दिसत होतं. मी पट्टी आणली. उंची ४२, रुंदी १८, खोली ४५ सेंटिमीटर, म्हणजे ३४ लिटर. पंधरा किलो तेलाचे दोन डबे मावतील एवढ्या जागेत मी हवा सांभाळत होते.

नवं कॅबिनेट साडेचार लिटरांचं. हार्ड डिस्कच्या जागी आता एक एसएसडी, रेल्वेच्या जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटाहून अरुंद नि थोडी लांब. मदरबोर्डवरच आडवी पडते, केबलच नाही. पण इथे माझी फजिती झाली. प्रोसेसरबरोबर आलेला कूलर ५४ मिलिमीटर उंच, कॅबिनेटमध्ये जागा ४३ ची. अकरा मिलिमीटरसाठी पत्रा लागेना. माप दोन्ही खोक्यांवर छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. ३७ मिलिमीटरचा कूलर मागवला, त्यात आणखी पाच दिवस गेले.

तक्रारीही आहेत. माझ्या २.४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ची उष्णता साठ-पासष्ट वॅटच्याच घरात होती, म्हणजे प्रोसेसरची धग कमी झालेली नाही, तिला फिरायला जागा तेवढी कमी झाली. छोटा पंखा जास्त वेगाने फिरतो. मे महिन्यात चारशे पानांच्या पुस्तकाची पीडीएफ करताना त्याची भुणभुण दुसऱ्या खोलीत ऐकू येते. धूळही वर्षातून एकदा झाडून भागत नाही. आणि उद्या मोठं ग्राफिक्स कार्ड लावायची वेळ आली, तर कॅबिनेट आणि वीज पुरवणारा एसएमपीएस दोन्ही बदलावे लागतील.

पण मोठ्या डब्यात मी जे सांभाळलं, ती सोय नव्हती, ते पुढे ढकललेले निर्णय होते. काय लागतं, काय नाही, हे ठरवायची वेळच त्याने कधी आणली नाही. छोट्या डब्याने पहिल्याच दिवशी मिलिमीटरमध्ये विचारलं.

तुमच्याही टेबलाखाली तसा डबा असेल, तर नवा घेण्याआधी प्लग काढून त्याचा पत्रा एकदा उघडा. मागच्या रिकाम्या खाचा मोजा. गेल्या पाच वर्षांत त्यातली एकही भरली नसेल, तर पुढचं मशीन लहानच घ्या. फक्त कूलरची उंची आधी मोजा.