गाडी चालू होते तरी कशी?

गडचिरोलीतल्या आलापल्लीहून भामरागडकडे निघालात. दोन्ही बाजूंना साग, मोबाइलला रेंज नाही आणि पावसाची उघडझाप सुरू. पाच मिनिटं थांबवलेली मोटारसायकल पुन्हा चालूच होत नाही. बटन दाबून झालं, किक मारून पाय दुखले. राग येतोच. तरीही मला वाटतं, गाडी समजून घ्यायला याहून चांगली वेळ नाही. चालू असताना ती आतलं काहीच कळू देत नाही. बंद पडली की एकेक गुपित सांगायला लागते. फक्त प्रश्न ओळीने विचारायला हवेत.

पहिले प्रश्न फुकटचे. हँडलवरचा लाल स्विच बंद बाजूला तर नाही? गाडी गिअरमध्ये आहे का? साइड स्टँड वर केलाय ना? बऱ्याच नव्या गाड्यांत स्टँड खाली असेल तर इंजिन गिअरमध्ये चालूच होत नाही. टाकीत पेट्रोल आहे? गाडी हलवून आवाज ऐका.

आता पेट्रोलकडे वळू. पेट्रोल पेटतं असं आपण म्हणतो, पण जळते ती त्याची वाफ. तीही भलती हट्टी! हवेत ही वाफ साधारण दीड टक्क्याहून कमी असेल तर पेटत नाही, आणि साडेसात टक्क्यांच्या वर गेली तरीही पेटत नाही. एवढ्याशा पट्ट्यात इंजिनाचा सगळा संसार चालतो. शिवाय हवा किती लागावी? एक लिटर पेट्रोल नीट जळायला दहा किलोच्या आसपास. दहा किलो हवा म्हणजे आठ हजार लिटरहून जास्त! टाकीत आपण पेट्रोल भरतो आणि समजतो की गाडी पेट्रोलवर चालते. वजनाने पाहिलं तर ती तेराचौदा पट हवा खाते. घुग्घुस-भद्रावतीच्या कोळशाच्या पट्ट्यात धुळीने एअर फिल्टर बुजला की गाडी का गुदमरते, ते आता लक्षात येईल.

मग प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा भपकारा येणारा निघाला तर पेट्रोल ओव्हर झालंय, वाफ त्या पट्ट्याच्या पलीकडे गेली आहे. कार्बोरेटरची गाडी असेल तर प्लग पुसून बसवा, चोक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळा आणि किक मारा. आत हवाच हवा जाते. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल वाटेतच अडलंय. कुठे? टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरेल तेवढी हवा त्यातून आत यायला हवी. चिखलाने किंवा गंजाने ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. झाकण उघडताना ‘फुस्स’ झालं आणि गाडी चालू झाली, तर चोर सापडला.

चंद्रपूरचा मे महिना वेगळंच कोडं घालतो. पारा पंचेचाळीसच्या वर, आणि पेट्रोलमधले सर्वांत हलके अंश पस्तीस-चाळीस अंशांतच उकळू लागतात. तापलेल्या इंजिनाशेजारच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अक्षरशः उकळतं. भर दुपारी चहाला थांबलेली गाडी म्हणूनच रुसते, आणि अर्धा तास सावलीत ठेवली की काहीच झालं नाही अशी चालू होते.

आणि ठिणगी? इथे मी दर वेळी थक्क होतो. बॅटरी १२ व्होल्टची. तिच्या दोन टोकांना हात लावला तरी जाणवत नाही. प्लगच्या टोकाशी मात्र मिलिमीटरहून कमी फट असते आणि तिच्यात हवा. साध्या हवेतून वीज उडी मारायची तर मिलिमीटरमागे सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. सिलिंडरमध्ये तर ती हवा दाबून नऊदहा पट लहान जागेत कोंबलेली. तिथे दहा हजार व्होल्ट आणि त्याहूनही जास्त लागू शकतात. बारातून दहा हजार कुठून आणायचे?

१८३१ साली मायकेल फॅरडेला उमगलं की बदलणारं चुंबकत्व तारेत वीज ढकलतं, आणि बदल जितका झटक्यात, ढकलणं तितकं जोरकस. शेतात मोटारपंप जोरात चालू असताना व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर पाइप कसा दणका देतो? टाकीखालच्या कॉइलमध्ये तसंच घडतं. थोड्या वेढ्यांच्या तारेतला प्रवाह एका क्षणात तोडला जातो (काही गाड्यांत एका क्षणात सोडला जातो) आणि शेजारच्या हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत विजेचा दणका उठतो. नेमक्या कोणत्या क्षणी? इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या चाकावर एक उंचवटा असतो. तो एका छोट्या कॉइलसमोरून गेला की इशारा जातो: आता! इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर सिलिंडर पेटवायची ही वेळ सेकंदाला तेहतीस वेळा येते, आणि एकदाही चुकलेली चालत नाही.

ठिणगी पाहायची तर काढलेला प्लग टोपीत खोचा, त्याचा धातू इंजिनाला टेकवा आणि किक मारा. हात टोपीच्या रबरावर, आणि आसपास पेट्रोलचा थेंबही नको. निळी, ‘टिक’ असा आवाज करणारी ठिणगी दिसली तर वीज निर्दोष. उन्हात दिसणार नाही, सावली धरा. काहीच नसेल तर प्लगचं पांढरं टोक पाहा. त्यावर काजळी असेल तर वीज फटीतून उडी मारायचे कष्ट घेतच नाही, काजळीवरून सरळ घसरून जाते. चालत्या गाडीत प्लगचं टोक साधारण साडेचारशे अंशांच्या वर तापलं की काजळी स्वतःच जाळून टाकतं. आठशेच्या पार गेलं, तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटवून बसतं. या दोन आकड्यांच्या मध्ये राहील असा प्लग कुणीतरी बसून आखला आहे!

पावसाळ्यात वीज आणखी एका वाटेने पळते. प्लगची तार किंवा टोपी ओली झाली की ठिणगी बाहेरच्या बाहेरच गळते. रात्रीच्या काळोखात किक मारून पाहिलंत तर तारेवर फिकट निळे धागे सरपटताना दिसतात. उपाय? कोरडं फडकं.

२०२३पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. हे इथेनॉल ऊस, मका, तांदळातून येतं. पण मार्च-एप्रिलच्या पहाटे माडिया-गोंड बाया टोपलीत वेचतात त्या मोहफुलांच्या दारूतही रेणू तोच, इकडेतिकडे एका अणूचाही फरक नाही. (मोहाची दारू टाकीत ओतून मात्र चालणार नाही, तिच्यात पाणी फार.) आणि पाण्याशी इथेनॉलची मैत्री पेट्रोलपेक्षा जुनी. थोडं पाणी ते पोटात घेतं. पाणी वाढलं की पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर टाकीच्या तळाशी जातं. इंजिन पेट्रोल खेचतं ते तळातूनच! पावसात दुकानातल्या बाटलीतून पेट्रोल भरल्यावर गाडी बसली, तर थोडं पारदर्शक बाटलीत काढून स्थिर ठेवा. दोन थर दिसले की उत्तर मिळालं.

१ एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. तिथे छोट्या विजेच्या पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारलं जातं. त्यामुळे मे महिन्यातलं उकळणं कमी झालं, पण पंपाला बॅटरी लागते. मॅग्नेटवर चालणारी जुनी गाडी बॅटरी मेली तरी किकने उठायची. नवीला ढकलून पळवलं तरी बॅटरीत जीवच नसेल तर ती उठत नाही.

गडचिरोलीत सर्वांत जपायची जागा म्हणजे नाला. इंजिन चालू असतं तोवर सायलेन्सरमधून जोराने निघणारा धूर पाण्याला बाहेर ठेवतो. मधेच बंद पडलं की पाणी आत शिरतं. अशा वेळी बटन अजिबात दाबू नका! हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर लोखंडाचा कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी काठावर ढकला, एअर फिल्टर काढून निथळा, प्लग काढा आणि भोकासमोरून तोंड बाजूला ठेवून हळूहळू किक मारा. पिचकारी उडेल. कोरडी हवाच येईपर्यंत मारत राहा. मग ऑइलची कांडी काढून पाहा. ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी खालपर्यंत पोचलंय. प्लग बसवू नका, दुसऱ्या गाडीला टोचन करून मिस्त्रीकडे न्या आणि ऑइल बदलल्याशिवाय किक मारू देऊ नका.