मिडफिल्डर स्वस्त आहे, पण का?

मोसम सुरू होण्याआधी ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या फँटसी खेळात एक चर्चा हमखास रंगते: नाव मोठं, पण किंमत पडलेली, असा मिडफिल्डर घ्यावा की नाही? ड्रीम इलेव्हनची सवय असलेल्या मराठी वाचकाला हा खेळ जरा वेगळा वाटेल. इथे संघ एका सामन्यापुरता नसतो. मार्चमध्ये बांधलेला संघ मोसमभर सांभाळायचा, मोजक्याच अदलाबदली करायच्या, आणि खेळाडूंच्या किमतीही त्यांच्या गुणांप्रमाणे वरखाली होत राहतात. त्यामुळे सुरुवातीला स्वस्तात मिळालेला माणूस पुढे फार कामाला येतो. किंवा गळ्यात पडतो.

पहिला गैरसमज असा, की किंमत उतरली म्हणजे खेळ उतरला. सुरुवातीची किंमत खेळ पाहून ठरत नाही, मुख्यतः गेल्या मोसमाच्या सरासरीवरून निघते. समजा, एकाने नऊ सामन्यांत प्रत्येकी 100 गुण घेतले आणि दहाव्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये जखमी होऊन 10 वर बाहेर पडला. सरासरी झाली 91. खेळाडू शंभराचा, किंमत एक्क्याण्णवची! कार्लटनचा कर्णधार पॅट्रिक क्रिप्स हे याचं ठळक उदाहरण. दुखणी अंगावर काढत खेळल्याने 2021 चा मोसम त्याच्या लौकिकाला साजेसा झाला नव्हता, आणि 2022 मध्ये तो त्या मानाने स्वस्त होता. त्याच वर्षी पंचांची 29 मतं मिळवून त्याने ब्राउनलो पदक, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकलं.

पण क्रिप्सचा दाखला देऊन दुखापतीतून परतणारा प्रत्येक जण घेणं हा दुसरा गैरसमज. गोल्ड कोस्टचा मॅट रोवेल 2020 मध्ये पदार्पणातच झळकला आणि पाचव्या फेरीत खांदा दुखावून मोसमाला मुकला. 2021 च्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. 2025 चं ब्राउनलो पदक त्याचंच. म्हणजे पारख बरोबर, वर्ष चुकलं, असंही होतं. आणि फँटसीत गुण फक्त चालू वर्षाचे मिळतात.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज मात्र वेगळाच आहे: ‘चेंडू भरपूर मिळतो, म्हणजे गुणही भरपूर.’ एएफएल फँटसीत, म्हणजे लीगच्या अधिकृत खेळात, किकचे 3 गुण, हँडबॉलचे (मुठीने दिलेल्या पासचे) 2, मार्कचे (किकवरचा झेल) 3, टॅकलचे 4 आणि गोलचे 6. फाउल केला तर 3 वजा. आता दोन मिडफिल्डर घ्या. दोघांनीही 25 वेळा चेंडू पुढे दिला आणि चार टॅकल केले. एकाच्या 15 किक, 10 हँडबॉल, पाच मार्क: एकूण 96. दुसऱ्याच्या 10 किक, 15 हँडबॉल, दोन मार्क: 82. चौदा गुणांचा हा फरक टीव्हीवर कुणाच्या लक्षातही येत नाही. गर्दीतून चेंडू ओढून काढणारा झुंजार गडी इथे मागे पडू शकतो. सुपरकोच या दुसऱ्या खेळात मात्र झगडून मिळवलेल्या चेंडूला जास्त मोल असल्याने तोच भाव खाऊन जातो. खेळाडू जोखण्याआधी आपण कोणता फँटसी खेळ खेळतोय, एवढं तरी बघावं.

यादीत नावापुढे ‘मिडफिल्डर’ लिहिलंय, म्हणून तो मैदानात तिथेच खेळेल असंही नाही. मधल्या चौकोनात चेंडू वर जातो तेव्हा प्रत्येक संघाचे चारच जण आत असतात. त्यातला एक रक, म्हणजे वर गेलेल्या चेंडूसाठी झेपावणारा उंच खेळाडू. उरल्या तीन जागा. मिडफिल्डर ख्रिश्चन पेट्राका 2025 अखेरीस मेलबर्न सोडून गोल्ड कोस्टला गेला, तेव्हा त्या जागांसाठी तिथे रोवेल आणि नोआ अँडरसन आधीच होते. उलट, भूमिका बदलल्याने फायदाही होतो. हॅरी शीझल ज्युनियर फुटबॉलमध्ये फॉरवर्ड म्हणून गाजलेला. नॉर्थ मेलबर्नने 2023 मध्ये त्याला हाफ-बॅकला खेळवलं आणि पदार्पणातच त्याने 34 वेळा चेंडू पुढे दिला. म्हणून सराव सामन्यांत गुणांपेक्षा मधल्या चौकोनात चेंडू वर जाताना खेळाडू किती वेळा आत उभा होता, हे पाहावं. या सामन्यांत गुण फसवे असतात. खेळाडूंची अदलाबदल सैल, प्रतिस्पर्धीही निम्म्या जोरावर.

राहिला प्रश्न किमतीचा. ऐंशीच्या भावात घेतलेला खेळाडू 88 ची सरासरी देऊ लागला की लोक खूश होतात. पण मैदानावर मिडफिल्डरच्या आठच जागा, आणि तिथे शेवटी शंभरी ओलांडणारे लागतात. म्हणजे त्याला पुढे बदलावंच लागणार, आणि त्यात एक ट्रेड, म्हणजे अदलाबदल, खर्ची पडणार. एएफएल फँटसीत दर फेरीला ट्रेड मिळतात, म्हणून हे एकवेळ चालतं. सुपरकोचमध्ये मात्र मोसमभराचे ट्रेड मोजून दिलेले असतात. तेव्हा शंभराच्या आसपास जाण्याची खरी शक्यता असेल तरच असा खेळाडू घ्यावा. अठ्ठ्याऐंशीवाला सोडून द्यावा आणि ते पैसे एखाद्या पक्क्या खेळाडूवर लावावेत. निर्णय होत नसेल तर घाईही नको: सुपरकोचमध्ये खेळाडूचे तीन सामने होईपर्यंत त्याची किंमत हलत नाही.